घराण्याचा माग काढायला निघालेल्या मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र मिळाले. आजोबांच्या गावी जाऊन घराण्याची निदान पाच-सहा पिढ्यांची वंशावळ उभी करावी, हा तुझा विचार मला मनापासून आवडला. मात्र दिवाळीच्या सुटीत गाडी काढून सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात जायचे आणि बाकीचे तिथे गेल्यावर बघायचे, असे जे तू लिहिले आहेस, त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. त्या दिवसांत सरकारी कचेऱ्या बंद असतात हे एक कारण झाले, पण ते किरकोळ आहे. मुंबईच्या गिरणीत गेलेल्या माणसाचा नातू इतक्या वर्षांनी अचानक गावात उगवतो आणि जुने कागद, जुनी नावे, कोण कोणाचा कोण, असे विचारू लागतो, तेव्हा भावकीला तो इतिहासाचा अभ्यासक वाटत नाही. वाटणी मागायला आलेला हिस्सेदार वाटतो. तुझ्या मनात तसे काही नाही हे मला ठाऊक आहे, पण त्यांना ते ठाऊक असण्याचे काही कारण नाही. शिवाय आपल्याकडे शेतकरी कुटुंबाचा जुना लेखी पुरावा बहुतेक सगळा जमिनीच्याच दप्तरात सापडतो, त्यामुळे तू काहीही म्हटलेस तरी तुझी वाट सातबाऱ्यावरूनच जाणार. म्हणून कागदांचे काम गावाबाहेर आणि होईल तेवढे आधीच उरकावे, आणि गावात जावे ते फक्त माणसांना भेटायला, अशी आखणी तू करावीस असे मला वाटते.

सुरुवात मुंबईतूनच कर. तुझ्या वडिलांनी किंवा काकांनी गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे कधी अर्ज केला असेल, तर त्यासाठी जमवलेल्या कागदांची फाइल घरात कुठेतरी असेलच. गिरणीचा नोकरीचा दाखला, तिकीट नंबर, भविष्यनिर्वाह निधीचा कागद, यांवर आजोबांचे पूर्ण नाव ज्या रूपात लिहिलेले असेल ते अक्षरशः उतरवून घे, कारण गावच्या कागदांत आडनाव वेगळे निघण्याची शक्यता बरीच असते. दुसरी जागा म्हणजे गावाचे मुंबईतले ग्रामस्थ मंडळ. गिरणगावात त्या भागातल्या अनेक गावांच्या सामाईक खोल्या होत्या आणि मंडळे वर्गणीच्या वह्या ठेवत. देवळाच्या जीर्णोद्धाराला कोणी किती दिले याची जुनी यादी हाती लागली, तर त्या काळी गावातली कोणकोणती घरे मुंबईत होती हे एका पानावर कळेल. मंडळातल्या म्हाताऱ्यांशी ओळख झाली की गावात तुझ्याविषयी चार शब्द आधीच पोचतील, आणि माझ्या मते हा फायदा वहीपेक्षाही मोठा आहे.

आता तालुक्याच्या कामाविषयी जरा सविस्तर लिहितो. आज संगणकावर मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा तुझ्या फारसा उपयोगाचा नाही. तुला हवा आहे तो जुना हस्तलिखित सातबारा, त्यामागचे फेरफार (म्हणजे जमिनीवरची नावे बदलल्याच्या नोंदी) आणि त्याही मागचे कडईपत्रक किंवा हक्कनोंदीचे पत्रक. अनेक जिल्ह्यांचे जुने अभिलेख आता स्कॅन होऊन संकेतस्थळावर आले आहेत, तेव्हा ते घरबसल्या आधी पाहून घे. जे तिथे नसेल त्यासाठी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा लागतो, आणि अर्ज केला की त्याच दिवशी नक्कल मिळेल अशा भरवशावर राहू नकोस. जुन्या सातबाऱ्यावर नावांशेजारी वर्तुळात आकडे दिसतील. ते फेरफारांचे क्रमांक आहेत. ज्या नावाला कंस झाला आहे, तो माणूस त्या क्रमांकाच्या फेरफाराने त्या जमिनीवरून कमी झाला, असा त्याचा अर्थ. तो फेरफार काढलास की वारसनोंदीत मयताचे नाव, मृत्यूचा अंदाजे काळ आणि मुलगे, मुली, विधवा अशी सगळी नावे एकदम मिळतात. एका फेरफारातून मागच्या फेरफाराचा क्रमांक काढत जाण्याचे हे काम किचकट आहे, पण त्यात एकदा गोडी लागली की माणूस जेवण विसरतो.

गावात जमिनीचे विखुरलेले तुकडे जोडण्याची एकत्रीकरण योजना राबवली गेली असेल, तर जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आलेले असतील. आजच्या गट नंबरावरून थेट मागे जायला गेलास तर वाट तिथेच तुटेल. अशा वेळी कोणत्या सर्व्हे नंबरांचा कोणता गट झाला, हे दाखवणारा एकत्रीकरणाचा उतारा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्यावा लागतो; ते कार्यालय तहसील कचेरीहून वेगळे असते, हे ध्यानात ठेव. आणि आजोबांचे नाव कोठेच सापडले नाही, तर लगेच निराश होऊ नकोस. थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.पु.' अशी अक्षरे आहेत का ते पाहा. 'एकत्र कुटुंब पुढारी' म्हणून घरातल्या एकाचेच नाव लावायची पद्धत होती आणि बाकीचे भाऊ, विशेषतः मुंबईला गेलेले, कागदावर दिसतच नाहीत. मुले लहान असताना बाप गेला असेल, तर 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून आईचे किंवा चुलत्याचे नाव येते. घरातल्या बायकांची नावे मिळण्याच्या ज्या थोड्या जागा आहेत, त्यांतली ही एक. कुळ म्हणून कसलेली जमीन असेल, तर १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतरचे, म्हणजे कुळे कायद्याने मालक मानली गेली त्या दिवसानंतरचे, फेरफार नीट वाच; कोण कसत होता आणि मालक कोण होता, हे त्यात एकत्र सापडते.

जमिनीखेरीज दोन नोंदवह्या सोडू नकोस. पहिली गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. तिला लोक कोतवाल बुक म्हणतात. तिच्यात जन्म शोधताना मुलाचे नाव शोधू नकोस, कारण बारशाआधीच नोंद झाल्यामुळे बहुतेक ठिकाणी बापाचे नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच असते. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण मिळते, आणि बहुतेक कारण 'ताप' असते. १९१८ चे पुस्तक शिल्लक असेल तर ते मुद्दाम पाहा. इन्फ्लुएंझाच्या साथीत एकाच घरातली माणसे पाठोपाठ गेलेली आढळली, तर पुढची पिढी चुलत्याकडे का वाढली, असल्या कोड्यांची उत्तरे तिथे मिळतात. दुसरी वही शाळेची, म्हणजे जनरल रजिस्टर. तिच्यातली जात आणि पालकाचे नाव उपयोगी आहे, पण जन्मतारीख १ जून दिसली की ती मास्तरांनी घातलेली आहे, असे समजून पुढे जा.

जुने कागद मोडीत असतील. मोडी लिहिणारा आधी पानभर शिरोरेघ ओढून घेतो आणि मग अक्षरे तिला टांगत जातो. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, विरामचिन्हे नसतात. त्यातली नावे 'अमुक बिन तमुक' अशी बाप-लेकाच्या जोडीने येतात आणि आडनाव पुष्कळदा नसतेच, त्यामुळे एकाच नावाची दोन माणसे एक समजण्याचा धोका असतो. साल शके दिले असेल तर त्यात ७८ मिळवावे, फसली (जुने महसुली साल) असेल तर ५९०. पूर्ण वाचन तुझ्याकडून होणार नाही, आणि त्याची गरजही नाही. आपल्या घराण्यातली आठ-दहा नावे मोडीत कशी दिसतील, एवढे मात्र जाण्यापूर्वी गिरवून जा, म्हणजे पाने उलटताना डोळा अडखळेल.

एक गोष्ट तुला कचेरीत पदोपदी जाणवेल. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी गावोगावची जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हापासून जुन्या कागदांची चौकशी करणारा प्रत्येक माणूस दाखल्यासाठीच आला आहे, असे धरले जाते. तुझी खरी गरज सांगण्यात संकोच करू नकोस. उलट त्या मोहिमेमुळे मोडी वाचणारी माणसे तालुक्याच्या ठिकाणी भेटू लागली आहेत, तिचा तेवढा लाभ घे.

आता गावाविषयी. दिवाळीऐवजी चैत्र-वैशाखात ग्रामदैवताची यात्रा कधी आहे, हे मंडळाकडून विचारून घे आणि यात्रेच्या तीन-चार दिवस आधी गावात पोच. पावसाळ्यात त्या डोंगराळ भागात जाण्याचा विचारही करू नकोस. यात्रेच्या प्रत्यक्ष दिवशी कोणाला बोलायला फुरसत नसते, पण त्याआधी मुंबई-पुण्याची माणसे येऊ लागलेली असतात, सासरी गेलेल्या लेकी माहेरी आलेल्या असतात, आणि तुझ्यासारखा परका दिसणारा माणूस त्या गर्दीत खुपत नाही. पालखीपुढे मानाचा नारळ कोणत्या घराचा, कोणत्या क्रमाने, हे नीट पाहून ठेव. थोरली पाती, म्हणजे घराण्याची शाखा, कोणती आणि धाकटी कोणती, हे माणसे तोंडाने सांगायला कचरतात, पण मानाच्या क्रमात ते उघड दिसते.

भावकी किती मोठी, हे ठरवायला माझ्याकडे एकच भरवशाचा प्रश्न आहे: तुम्ही सुतक कोणाकोणाचे धरता? आडनाव एक असणारी सगळी घरे एका रक्ताची असतात असे नाही, आणि आडनावे वेगळी झालेली दोन घरे एकमेकांचे सुतक धरताना आढळतात. हा प्रश्न जमिनीपासून दूरचा असल्यामुळे त्याला उत्तरही मोकळेपणाने मिळते. कुलदैवत आणि देवक त्यापाठोपाठ विचार. पुरुषांपेक्षा म्हाताऱ्या आत्यांना आणि काकूंना आधी भेट. कोणाची बायको कोणत्या गावची, पहिली वारली मग दुसरी कोठून आणली, कोणते मूल कोणाचे, हे त्यांच्या बोलण्यात सहज येते आणि हे सारे कोणत्याही फेरफारात नसते. त्यांना साल विचारू नकोस. तुमचे लग्न भूकंपाच्या आधी झाले की नंतर, असे विचार. कोयनेच्या त्या भूकंपाची, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट त्या भागातले कोणीही विसरलेले नाही. त्याच्या अलीकडे बहात्तरचा दुष्काळ आणि ब्याऐंशीचा गिरणी संप, पलीकडे बेचाळीसनंतरचे पत्री सरकार, एवढ्या खुणा पुरेशा आहेत. शिवाय कोयनेच्या धरणात एखाद्या पातीची घरे गेली असतील, तर ती माणसे आता सांगली, सोलापूर किंवा रायगड जिल्ह्यात वसलेली असतील. त्यांचा पत्ता गावातच मिळेल, मात्र त्यांची भेट ह्या फेरीत कोंबू नकोस.

हेळवी तुमच्या गावात येत होते का, हेही विचारून ठेव. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात ही मंडळी ठरलेल्या घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आली आहेत. त्यांच्या वहीत मुख्यतः पुरुषांचीच नावे असतात आणि यजमानाला खूश करणारा मूळपुरुषही कधीकधी वर बसवलेला असतो, म्हणून तिचा वरचा भाग मी बेताने घेतो आणि खालच्या चार पिढ्यांवर विश्वास ठेवतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांच्या नामावळ्यांत तुमच्यापैकी कोणी अस्थी किंवा श्राद्धाच्या निमित्ताने गेला असेल, तर त्याने सांगितलेली नावे असतील. ते काम परतल्यावर स्वतंत्रपणे करता येईल. पुण्याच्या पेशवे दप्तराचा मोह सध्या टाळ. घराण्याकडे वतन किंवा इनाम नसेल, तर तिथे महिनोन्‌महिने घालवूनही हाती फार थोडे लागते.

शेवटी सर्वांत नाजूक बाब. या शोधात आजोबांचे नाव एखाद्या गटावर आजही जसेच्या तसे असल्याचे निघू शकते, किंवा भावाने त्यांचे नाव कमी करून घेतल्याचा फेरफार निघू शकतो. तसे निघाले तर काय करायचे, हे तू, तुझे वडील आणि काका यांनी निघण्यापूर्वीच बसून ठरवा. माझा सल्ला विचारशील, तर ह्या प्रवासात त्याबद्दल गावात अवाक्षर काढू नये. हक्काचा प्रश्न सोडवायचा असेल तर त्याची वेळ वेगळी आणि रीत वेगळी. एकदा का वंशावळीच्या वहीतून हिश्श्याचा आकडा डोकावला, की आत्या बोलायच्या थांबतील, आणि त्या पुन्हा बोलत्या होणे कठीण. फेरफारांच्या नकला गावात बरोबर नेऊच नकोस. न्यायचा तो एक मोठा कागद, ज्यावर आतापर्यंत जुळलेली नावे ठळक अक्षरांत लिहिलेली असतील. तो ओट्यावर पसरला की माणसे आपणहून चुका दाखवतात आणि आपल्या नातवंडांची नावे घालायला सांगतात. पुरी झालेली वंशावळ छापून प्रत्येक घराला एक प्रत देईन, असा शब्द तू दे आणि तो पाळ.

काकांकडची फाइल हाती आली की तिची छायाचित्रे मला पाठव. नावांची रूपे पाहून मी मोडीतला तक्ता करून देतो. यात्रेची तिथी कळताच तीही लगेच कळव, म्हणजे नकलेचे अर्ज केव्हा घालायचे हे मागे मोजून ठरवता येईल. आई-वडिलांना माझा साष्टांग नमस्कार सांग.

तुझा मित्र