दारू आणि उतारवयातले स्नायू

संपादक साहेब, नमस्कार.

दारू म्हटलं की सगळे लिव्हरचंच बोलतात, स्नायूंचा विषय कोणी काढतच नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर वेग वाढतो, त्यात रोज भरपूर पिणं असेल तर प्रोटीनपासून स्नायू बनवायचं शरीराचं कामच मंदावतं, वर चकण्यावर पोट भरतं आणि जेवणाचं ताट तसंच राहतं. आमच्या सोसायटीतले एक काका खुर्चीच्या हातांवर जोर देऊन कसेबसे उठतात, मांड्या पार वाळल्यात, पण पोट सुटलेलं म्हणून घरच्यांना वाटतं तब्येत चांगलीय! वजनकाट्यावर हे कळत नाही हो. साठीपुढच्यांच्या चेकअपमध्ये हाताची पकड आणि खुर्चीतून उठणं तपासायलाच हवं, किती पिता हेही डॉक्टरांनी सरळ विचारावं, आणि तुमच्या आरोग्य पुरवणीत यावर सविस्तर छापा.

– एक वाचक, सातारा