ताई, त्या चमच्यासाठी थँक्यू

ताई,

हे फोनवर सांगायला गेले तर तुम्ही "अगं पुरे आता" म्हणून विषय बदलणार, म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितेय.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये स्टुडिओला कुलूप लागलं आणि माझं काम तिथल्या तिथे थांबलं. पेंटिंग करणाऱ्यांचं घरी थोडंफार तरी चालू होतं, पण आम्हा छापाचित्रवाल्यांना प्रेस लागते, म्हणजे कागदावर दाब देऊन छापायचं यंत्र, ती घरी कुठून आणणार? दीड महिना मी नुसती बसून होते. लिनोचे, म्हणजे कोरून छापायच्या मऊ लिनोलियमचे, तुकडे होते, टूल्स होती, एक इंकचा डबासुद्धा होता, पण छापताच येणार नसेल तर कोरायचं कशाला असं वाटायचं आणि ते बाहेरच्या बातम्या ऐकून आणखीनच खरं वाटायचं.

मग तुमचा फोन आला. तुम्ही धीर बिर काही दिला नाहीत, सरळ विचारलंत, "घरात स्टीलचा चमचा आहे ना?"

कागद पातळ घे, कोरलेल्या लिनोवर इंक कमी लाव, त्यावर कागद ठेवला की हलू देऊ नकोस आणि चमच्याच्या पाठीने मधून बाहेर घासत जा, एवढंच सांगितलंत. जपानी वुडब्लॉकवाले शेकडो वर्षं प्रेसशिवायच छापत आले, बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या गोल चकतीने, ज्याला बारेन म्हणतात, ते मला कॉलेजात शिकवलं होतं की हो! पण ते परीक्षेपुरतं. माझ्या हाताला ते त्या दिवशी कळलं.

पहिल्या चार प्रिंट वाया गेल्या, पाचवी बरी आली. एका प्रिंटला अर्धा अर्धा तास लागायचा, खांदा भरून यायचा, पण एक गोष्ट प्रेसवर कधीच मिळाली नव्हती, कागदाचा एक कोपरा हळूच उचलून आत बघता यायचं की किती उतरलंय, आणि जिथे हवं तिथे दाब कमी करून काळा रंग धुरकट ठेवता यायचा. प्रेस सगळीकडे सारखा दाब देते. मी रडकुंडीला येऊन तुम्हाला सांगितलं की दोन प्रिंट सारख्या येत नाहीयेत, एडिशन, म्हणजे एकाच चित्राच्या नंबर घातलेल्या सारख्या प्रती, कशी करू, तर तुम्ही म्हणालात सारख्या आणायच्याच कशाला, व्हेरिएबल एडिशन म्हणून नंबर घाल. तिथून माझं काम बदललं, खरंच.

त्याच काळात तुम्ही मला जर्मन कलाकार कुर्ट श्विटर्सची गोष्ट सांगितलीत. १९४० मध्ये ब्रिटनने नाझींपासून पळून आलेल्या जर्मन कलाकारांनाही शत्रूदेशाचे नागरिक म्हणून आइल ऑफ मॅनच्या छावणीत डांबलं, तिथे हाही होता. त्या लोकांनी जमिनीवरचं लिनो उपटून कोरलं आणि कपडे पिळायच्या रोलरमधून घालून छापलं! सार्डिनच्या डब्यातल्या तेलात विटांची पूड कालवून रंग केले. हे ऐकल्यावर मी रात्री झोपलेच नाही, उठून लिनो कापायला बसले.

पण मला त्याहून जास्त उपयोगी पडलं ते चित्रकार पॉल क्लेबद्दल तुम्ही बोललात ते. नाझींनी नोकरीवरून काढलं, देश सोडावा लागला, मग १९३५ मध्ये मोठं आजारपण, आणि १९३६ या अख्ख्या वर्षात त्याच्या हातून जेमतेम २५ कामं झाली. १९३९ मध्ये बाराशेच्या वर. ते बाराशे सगळे सांगतात, तुम्ही मला २५ चं वर्ष सांगितलंत. माझा तो रिकामा दीड महिना त्यानंतर मला खुपेनासा झाला. आणि ज्यांच्याकडून त्या दिवसांत काहीच झालं नाही त्यांना आळशी म्हणायचं नाही हेही तुम्ही बजावलं होतंत, ते मी आता माझ्या विद्यार्थ्यांना सांगते.

दर रविवारी तुम्ही फोन करत होतात. किती झालं असं एकदाही विचारलं नाहीत, "आज कोपरा उचलून काय दिसलं?" एवढंच विचारायचात. तुमच्या स्वतःच्या घरी तेव्हा आजारपण चालू होतं हे मला फार नंतर दुसऱ्याकडून कळलं, तुम्ही एका शब्दानेही बोलला नव्हतात. त्याबद्दल काय आणि कसं लिहू मला कळत नाहीये.

आता स्टुडिओ उघडून काही वर्षं झाली, प्रेस आहे, मी वापरतेही. पण छापायच्या मोठ्या प्लेटचे काही भाग अजून चमच्यानेच घासते. त्या पहिल्या सिरीजमधली पाचवी प्रिंट, ती बरी आलेली, मी कोणालाच दिली नव्हती. ती तुमच्यासाठी फ्रेम न करता ठेवलीये, म्हणजे कागद मागून बघता येईल, चमच्याचे ओरखडे अजून दिसतात. पुढच्या रविवारी घेऊन येते.

तुमचीच