आमच्या मॅडमना, साताऱ्यातून

मॅडम,

नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये. टीममधले वाचतील ते ओळखतीलच. ऑफिसच्या मेलवर चार ओळी टाकता आल्या असत्या, पण तिथं आपण सगळे एकाच छापाचं लिहितो आणि मला हे त्या भाषेत लिहायचं नव्हतं, म्हणून उघडच लिहितोय.

आप्पांना पॅरालिसिसचा अटॅक आला तेव्हा तुम्ही आमच्या अकाउंटवर, म्हणजे या क्लायंटच्या कामावर, नव्हता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं खोलणारा माणूस, त्याला चमचा धरता येईना. मी हिंजवडीत, घर साताऱ्यात, मधे खंबाटकी. तेव्हाच्या मॅनेजरनी रजा दिली, दिली नाही असं नाही. मेसेजमध्ये "टेक केअर", जोडलेले हात, आणि त्याच्याच खाली "फोन चालू ठेव फक्त".

ते "फक्त" म्हणजे काय हे प्रोडक्शन सपोर्टला, म्हणजे क्लायंटची चालू सिस्टीम अडली की ती लगेच सोडवायच्या कामाला, असलेल्यालाच कळेल. क्लायंट अमेरिकेत, त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडं संध्याकाळचे साडेसहा नाहीतर साडेसात, म्हणजे जेवायची, पोरांचा अभ्यास घ्यायची, आईबापाजवळ बसायची जी काही वेळ असते ती सगळी त्यांची ऑफिसची वेळ. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर मांडीवर लॅपटॉप, डॉक्टर बाहेर येऊन आईला काहीतरी समजावतायत, आई माझ्याकडं बघतीये आणि माझ्या कानात कोणतरी विचारतंय जॉब परत रन केला का. एचआरला कळवलं तर त्यांनी समुपदेशनाच्या हेल्पलाइनचा नंबर दिला. मला बोलायला माणूस नको होता, माझा फोन घ्यायला माणूस पाहिजे होता.

घरी आणल्यावर फिजिओच्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच सांगितलं, सुरुवातीचे तीन महिने सोन्यासारखे, या काळात मेंदू जेवढं परत शिकतो तेवढं पुढं अवघड होत जातं, दिवसातून तीन-चारदा व्यायाम करून घ्या आणि ते घरच्यांनीच घ्यायचे. आईचे गुडघे कामातनं गेलेत, बायको पोरगीची शाळा आणि घर बघून जेवढं होईल तेवढं करायची. मी आप्पांचा हात हातात घेतला की फोन वाजायचा. रिंगटोन ऐकली की आप्पा दुसऱ्या हातानं दाराकडं खूण करायचे, जा म्हणून. ती खूण मी विसरू शकत नाही.

मग तुम्ही मॅनेजर म्हणून आलात. मला साताऱ्यातनं काम करायची परवानगी मिळाली, त्यासाठी वर कुणाकुणाशी बोलावं लागलं ते लिहीत बसत नाही, त्याचेही आभार आहेतच. पण मला सांगायचंय ते वेगळंच.

एक अख्खी संध्याकाळ गेली, रात्र गेली, फोन वाजला नाही. मला वाटलं रेंज नसेल, आमच्या शाहूपुरीतल्या खालच्या खोलीत जाते कधीकधी. दुसऱ्या दिवशीपण नाही. मग मी एस्केलेशन शीट उघडली, म्हणजे सिस्टीम अडली की आधी कुणाला फोन करायचा, मग कुणाला, ती यादी. माझं नाव लेव्हल वनला होतं तिथंच होतं, पण त्याच्यापुढचा मोबाइल नंबर तुमचा होता.

मॅडम, नाव काढून टाकणं सोपं होतं. पण मग वरच्यांना दिसलं असतं की हा आता सपोर्टला नाही, आणि अप्रेझलला कुणीतरी त्यावर बोट ठेवलं असतं. तुम्ही माझी जागा राखलीत आणि फोन तेवढा स्वतःकडं घेतलात, आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत. रात्री अडीचला बॅच फेल झाली, म्हणजे सिस्टीमची रात्रीची कामं अडकली, तेव्हा तुम्ही उठून सगळ्यांना कॉलवर घेतलंत हे मला कितीतरी दिवसांनी टीममधल्या पोरांकडनं कळलं. घरी बारावीचा मुलगा आहे, त्याला आवाज जाऊ नये म्हणून किचनमध्ये बसून कॉल घेता हेपण कळलं.

त्या संध्याकाळी तुम्ही दिल्यात म्हणून आप्पा आता राजम्याचे दाणे एका वाटीतनं दुसऱ्या वाटीत टाकतात, नात शेजारी बसून मोजते. शर्टाची वरची दोन बटणं स्वतः लावतात. परवा टीव्हीचा आवाज कमी कर म्हणाले, शब्द अर्धेच आले पण घरात सगळ्यांना कळले.

रात्री जागं असताना मी पक्षाघाताबद्दल मिळेल ते वाचायचो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलंय की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्याला ३५ ते ४० तासवाल्यापेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त. आपल्याकडं मोठमोठी माणसं ७० तास काम करा, ९० तास करा म्हणतात, त्यांनी एकदा फिजिओच्या सेंटरबाहेर बसून बघावं. ऑफिस सुटल्यावर फोन न घ्यायचा हक्क फ्रान्सनं २०१७ पासून दिला, ऑस्ट्रेलियानं २०२४ पासून. आपल्या शेजारच्या बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. व्हायलाच पाहिजे, कारण सगळ्यांना तुमच्यासारखी मॅडम मिळत नाही. आणि चांगला माणूस म्हणजे काय मोठं दान करणारा नसतो हो, समोरच्याची अडचण बघून न बोलता त्याचं ओझं आपल्याकडं घेणारा असतो, अशी माणसं कंपन्यांमध्ये आहेत, त्यांच्यामुळंच आमच्यासारख्यांची घरं उभी आहेत.

आईनं कंदी पेढे पाठवलेत. ऑफिसात वाटू नका, घरी न्या.

आणि फेब्रुवारीत बारावीची परीक्षा सुरू होईल. तेव्हा तुमच्या नावापुढं माझा नंबर असेल, सगळे पेपर संपेपर्यंत. शीट एडिट करायचा ॲक्सेस माझ्याकडं आहे, टीमशीपण बोलून ठेवलंय. नाही म्हणू नका.

तुमच्या टीममधला,
सातारकर