ताई, तुम्ही तो फॉर्म वाचलात

ताई,

बाहेर येऊन आठवडा झाला तरी हे लिहायला बसलं की घसा दाटून येतो, म्हणून आज एका दमात लिहून काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मंगळाच्या प्रवासाची नक्कल म्हणून बंद जागेत ४५ दिवस, सहा माणसं, एकही खिडकी नाही. आपण पृथ्वीवरच आहोत हे माहीत असतं, पण मंगळाचं अंतर खरं वाटावं म्हणून मेसेज बाहेर कंट्रोल रूममध्ये तुमच्याकडे पोचायला २० मिनिटं आणि उत्तर यायला अजून २०, त्यामुळे कुणाला सहज काही विचारायची सवयच मोडते. सुकवलेलं जेवण गरम पाणी घालून खायचं, अंघोळीऐवजी ओल्या कापडाने अंग पुसायचं, झोपेची नोंद ठेवणारं मनगटावरचं घड्याळ रात्रीसुद्धा काढायचं नाही, लाळेचे नमुने द्यायचे आणि रोज सकाळी तो फॉर्म. झोप कशी, मूड कसा, कुणाशी वाजलं का, १ ते ५ मधला आकडा टाका.

माझ्या बंकच्या उशाशी हवेचा पंखा होता, रात्रभर खरखरायचा. तुमच्या आधीच्या टीमला मी तीनदा कळवलं. तीनही वेळा ४० मिनिटं वाट बघून उत्तर काय, तर 'नोंद घेतली'. आत कोंडलेल्यांना बाहेरच्यांचा राग येतोच, हे ट्रेनिंगमध्येच सांगितलं होतं, मी स्वतःला तसं समजावलंही, पण चार रात्री टक्क जागं राहिल्यावर ते दोन शब्द वाचायचे म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच कळतं. मग मी सांगणंच सोडलं. झोपेपुढे न बघता ३ टाकायचो आणि पुढे जायचो.

आणि मग रात्री २:१० ला तुमचा मेसेज. "नऊ दिवस झोपेपुढे ३ च आहे. घड्याळ तसं म्हणत नाही. खरं काय ते लिही, उत्तर येईपर्यंत मी इथेच बसलेय."

ताई, तुमची शिफ्ट १ वाजताच संपली होती, हे मला बाहेर आल्यावर कळलं. मी लिहिलं, भरपूर लिहिलं, पंख्याचं कमी आणि बाकीचंच जास्त, आणि ४० मिनिटांनी तुमचं उत्तर आलं तेव्हा कॅलेंडरवर दिवस फुल्या मारून मोजणं मी त्या रात्री पहिल्यांदा विसरलो. पंख्याचं पुढे झालं काय ते झालं, तो मुद्दाच नाही.

मॉस्कोला २०१०-११ मध्ये सहा जण ५२० दिवस असेच बंद राहिले होते, त्यातल्या एकाचं शरीर चक्क २५ तासांचा दिवस पाळायला लागलं, म्हणजे हळूहळू तो बाकीच्यांच्या दिवसातून निसटत गेला. हे कळलं ते मनगटावरच्या नोंदी कुणीतरी बारकाईने बघितल्या म्हणून. एवढी यंत्रं लावतो आपण माणसाला, पण त्यातनं आलेलं वाचायला दुसरं माणूस लागतंच, आणि ज्याला ते वाचावंसं वाटतं असं माणूस भेटणं हे नशीबच हो. चांगुलपणा चांगुलपणा म्हणतात तो मला तरी त्या रात्री असाच दिसला, आकड्यांच्या रकान्यात.

ते नऊ ३ खोटे होते, हे मी अहवालात माझ्या नावानिशी लिहून दिलंय. आणि तुमचा मेसेज वहीत उतरवून ठेवलाय, वेळेसकट, २:१०.

तुमचा,
वरच्या बंकवाला