पुण्याला परत जाणार नाही, म्हणून हे पत्र

परतवाडा, जि. अमरावती
१९ जून

प्रिय आई आणि बाबा,
सप्रेम सलाम.

फोनवर सांगितलं असतं तर आईने मध्येच फोन बाबांच्या हातात देऊन स्वयंपाकघर गाठलं असतं आणि बाबांनी "बरं, बरं" करत विषय पावसावर नेला असता. म्हणून लिहिते आहे. सोनूला वाचायला लावू नका. बाबांनी चष्मा लावून स्वतः वाचावं आणि आईला वाचून दाखवावं, मधली वाक्यं न गाळता.

पुण्याची नोकरी मी सोडली. राजीनामा मंजूरही झाला. इथे कोठाऱ्याच्या कुष्ठरोग इस्पितळात फिजिओथेरपीच्या कामावर मी कायमची रुजू झाले आहे. "थोडे दिवस सेवा करून येते" असं म्हणून निघाले होते, तेव्हा ते खरंच होतं. बार्शीकरांना मी स्वतः फोन करून नाही म्हटलं. त्या काकू फार चांगल्या बोलल्या, तेव्हा त्यांच्याविषयी मनात काही ठेवू नका आणि वडाळ्याच्या आत्यालाही ठेवू देऊ नका.

आई, तुझा पहिला प्रश्न मला माहीत आहे. नाही, मला तो रोग होणार नाही. बहुतेक माणसांच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद मुळातच असते, आणि औषध सुरू झालं की त्या माणसापासून दुसऱ्याला होण्याची भीती फार लवकर संपते. तू लहान असताना स्टेशनबाहेर जी माणसं बघून तुझी आई तुला पदराआड घ्यायची, त्यांना एकत्र तीन औषधं मिळाली ती १९८० नंतरच्या दशकात. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफॅझिमिन. कुणाला सहा महिने, कुणाला बारा, आणि एक पैसा न घेता. रोग बरा होतो. आधी मेलेल्या नसा मात्र परत येत नाहीत, म्हणून तर माझ्यासारखीला इथे काम आहे.

लूकच्या शुभवर्तमानातल्या त्या दहा कुष्ठरोग्यांवर तू नाताळात नाटुकलं बसवायचीस, आठवतं? दादा दर वर्षी परत येणारा दहावा, आणि मी तुझ्या जुन्या साडीच्या पट्ट्या गुंडाळलेली, एकही वाक्य नसलेली चौथी. मी हट्ट केला तेव्हा दादाने त्याचं एक वाक्य मला देऊन टाकलं होतं. तू पडद्यामागून डोळे वटारलेस, तरी दिलंच.

राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर आहे. भाडं नाही. नळाला सकाळ-संध्याकाळ पाणी येतं, कूलर आहे, आणि मे महिना मी जिवंत काढला, तेव्हा वऱ्हाडातल्या उन्हाची काळजी आता पुढच्या वर्षी कर. मेसमध्ये ज्वारीची भाकरी मिळते. भाजीत तिखट इतकं, की पहिल्यांदा मी ताटावरच रडले आणि सगळ्यांना वाटलं घरची आठवण आली. (तीही आली होती.) साप एकदाच दिसला, तोही दुरून. रात्री बाहेर पडताना बॅटरी असते आणि पायात बूट असतात. पगार पुण्यापेक्षा बराच कमी आहे, हे लपवत नाही, पण इथे खर्चच नाही. तुमच्या गोळ्यांचे पैसे पूर्वीसारखेच एक तारखेला येतील, सोनूच्या फीचेही. वहिनीला यातलं ओझं वाटू देऊ नका. तिच्या बाबतीत आपलं जे ठरलंय ते ठरलंय.

इतकी कारणं देतेय म्हणजे माझं मलाच पटलेलं नाही, असं बाबा म्हणतील. पटलंय, बाबा. तुम्ही दोघं नगरला आणि मी सातपुड्याच्या पायथ्याशी, एवढंच पटत नाही, आणि ते कितीही कारणं दिली तरी पटायचं नाही.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते.

एप्रिल २०२१ नंतर मी उपासनेला बसत होते ती तुमच्यासाठी. नगरला आले की तुमच्या मधे बसायची, गाण्याच्या वेळी पुस्तक उघडून धरायची. आई, तुला ते कळत होतं. तू कधी बोलली नाहीस, फक्त पान काढून द्यायचीस. दादाला आपण शेवटचं नीट पाहिलंही नाही. ती प्लास्टिकची पिशवी, ते पांढरे पोशाख घातलेले अनोळखी लोक, फाटकाबाहेर थांबवलेले आपण. आणि बाबा, तुम्ही शास्त्रातल्या, मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचं ते वाक्य म्हणालात, देवाने दिलं, देवाने नेलं. मला ते सहन झालं नाही. आजही पुरतं होत नाही. पण तुम्ही ते मला समजवायला म्हणाला नव्हतात, स्वतःच्या पायांवर उभं राहायला धरलं होतंत, एवढं आता दिसतं. त्याच ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. तोवर ते उत्तम मित्र होते. पुढे त्यांनी तोंड उघडलं. दादा गेल्यावर आपल्या घरीही तोंड उघडणारेच जास्त आले.

इथे सकाळी काम सुरू होतं ते पाय भिजवण्यापासून. ज्यांच्या तळपायांना संवेदना नाही ते ओळीने बसतात, पाणी भरलेल्या टबात पाय सोडतात. मग घट्टे दगडाने हळू घासायचे, तेल लावायचं, आणि बोटांच्या फटींत चीर आहे का, काटा रुतलाय का ते बघायचं. दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि कळत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर मैलभर चालतो. यावर एखादे पाळक अर्धा तास प्रवचन देतील. मी देत नाही, कारण ज्याचा पाय आहे त्याला त्यात दृष्टांत दिसत नाही, पू दिसतो.

हातांचं काम मला जास्त आवडतं. कोपरामागची नस गेली की बोटं आत वळतात. मग शस्त्रक्रियेत दुसऱ्या, चालत्या स्नायूची कंडरा काढून बोटांना जोडतात. कुष्ठरोग्यांच्या हातांसाठी हे तंत्र बसवलं डॉ. पॉल ब्रँड यांनी, वेल्लोरला, १९४० च्या दशकाच्या शेवटी. ते मिशनऱ्यांचे पुत्र, जन्म तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात, १९१४ चा. बाबा, तारखा तुमच्यासाठी देते आहे. ज्या मिशनचं हे इस्पितळ आहे ते १८७४ चं. वेल्स्ली बेली नावाचा आयरिश माणूस १८६९ मध्ये अंबाल्याला शिकवायला आला, तिथल्या कुष्ठरोग्यांना पाहिलं आणि त्यातून ते उभं राहिलं. तेव्हा मी काही अनोळखी दारात जाऊन पडलेले नाही. आपल्या नगरच्या सिंथिया फरारबाईंच्या मुलींच्या शाळेविषयी तुम्ही वर्गात जितक्या अभिमानाने सांगायचात, तितक्याच अभिमानाने हेही सांगा. आत्याला तर आधी सांगा.

तर प्लास्टर निघालं की माणूस माझ्याकडे येतो. धारणीकडचा एक कोरकू शेतकरी होता. जुन्या स्नायूला नवीन काम समजेना. मनगट हलव म्हटलं की बोटं सरळ व्हायची आणि तो दचकून हाताकडेच बघायचा. चिंचोके उचलून वाटीत टाकायचा सराव आम्ही रोज करायचो. ज्या दिवशी वाटी भरली, त्या दिवशी त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही, सरळ बायकोला हाक मारली. मी बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं. दादा गेल्यापासून मला असं रडू आलं नव्हतं.

आवारात लहानसं देऊळ आहे. हो, इथे चर्चला देऊळच म्हणतात, नाना म्हणायचे तसं. पेटी आहे, एक स्वर दाबला की दुसराही वाजतो. ज्यांना बोटं नाहीत ते मनगटाला दोरीने झांज बांधून वाजवतात, आणि ताल आपल्या नगरच्या मंडळीपेक्षा पक्का असतो (हे पाळकसाहेबांना सांगू नका). रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं इथे वऱ्हाडी हेलात म्हणतात. नाना पेटीवर म्हणायचे तीच, पण इतकी संथ, की प्रत्येक शब्दावर थांबावं लागतं. मी मागे बसायचे, तोंड बंद ठेवून. एका आजीने ते हेरलं. त्या बाईंना तरुणपणी घरच्यांनी इथे आणून सोडलं ते कायमचं. मुलांच्या लग्नाच्या पत्रिकासुद्धा कधी आल्या नाहीत.

"तुहं कोन गेलं वं?" तिने विचारलं. मी सांगितलं. देवाशी बोलत नाही, हेही सांगितलं. तर म्हणाली, "मंग भांड ना त्याच्यासंगं. मी तं रोज भांडतो. भांडाले तरी जवळ जावं लागते."

आणि नंतर एका रविवारी शास्त्रवाचन माझ्याकडे आलं. योहान, अकरावा अध्याय, लाजाराचा. आधी बघितलं असतं तर नाहीच म्हटलं असतं. मार्था येशूला सामोरी जाते आणि तोंडावर म्हणते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. "माझा भाऊ" इथे माझा आवाज गेला. पुढे येईना. मी तशीच उभी राहिले. कुणी खाकरलं नाही, कुणी "प्रभूची इच्छा" म्हटलं नाही, कुणी मदतीला उठलं नाही. सगळे नुसते थांबले. त्यांना थांबायची सवय आहे. मग मी पुढे वाचलं, येशू रडला तिथपर्यंत. ते वचन लहानपणी आपण पाठांतराच्या चढाओढीत मुद्दाम निवडायचो, सगळ्यात छोटं म्हणून. दादा तेच म्हणून चॉकलेट घेऊन पळायचा.

मार्थेला तो रागावला नाही, बाबा. उशीर का केला याचं कारणही त्याने दिलं नाही. आधी तिच्याशी बोलला आणि मग कबरेकडे चालत गेला. मला याहून जास्त काही कळलेलं नाही, आणि दादा का गेला याचं उत्तर इथेही कुणाकडे नाही. पण त्या दिवशी मी प्रभुभोजन घेतलं. तुमच्यासाठी नाही, माझं मी. आई, ते तुझ्या शेजारी बसून व्हावं अशी तुझी प्रार्थना होती, हे माहीत असून लिहिते आहे. ते होईल, आपल्या देवळात, तुझ्या नेहमीच्या बाकावर. फक्त पहिल्यांदा इथे झालं. बाबा सांगतात ना, टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि लक्ष्मीबाईंचा पाच वर्षांनी, तोवर त्या त्यांच्याशी भांडतच होत्या. मला त्यांच्याहून थोडी कमीच वर्षं लागली म्हणायची.

दादाचा तबला पलंगाखालीच असेल. बाबा शनिवारी पुसतात, मला माहीत आहे. मागत नाही. इथे तबला नाही, एवढंच सांगते.

आता कामाचं. आई, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. मोतीबिंदूची तारीख घे, मी रजा टाकून येणार आहे, तू एकटी रिक्षाने जाणार नाहीस. नाताळला पंचवीसची उपासना इथल्या लोकांबरोबर करावी लागेल, पण त्याच रात्री निघेन. करंज्या माझ्या वाटच्या ठेव, दोन दिवस उशिरा खाल्ल्या तरी त्या करंज्याच असतात. आणि पावसाळा संपला की तुम्ही दोघं इकडे या. महाराष्ट्र एक्सप्रेस नगरहून थेट बडनेऱ्यापर्यंत आहे, गाडी बदलायची नाही. मी स्टेशनवर असेन. संत्री सुरू झाली असतील.

बाबा, तुम्हाला साखर आहे आणि तुम्ही अजूनही अंगणात अनवाणी फिरता, सोनूने सांगितलं. ओरडू नका त्याला. मधुमेहातही पायाच्या नसा तशाच बधिर होतात, इथे रोज बघते आहे. रोज झोपताना तळपाय आरशात बघायचा. वाकता येत नसेल तर आईला दाखवायचा. गरम पाण्यात पाय बुडवायचा असेल तर आधी कोपर घालून पाणी बघायचं. भोवरी ब्लेडने कापायची नाही, कधीच नाही. बाजारातल्या खिळे मारलेल्या चपला टाकून द्या. इथल्या चांभारकामाच्या खोलीत मऊ एमसीआर रबराच्या, मागे पट्टा असलेल्या चपला बनवतात. तुमच्यासाठी सांगून ठेवल्या आहेत, रंग काळा, देवळात घालून जाता येईल असा.

त्यासाठी माप हवं. कागद जमिनीवर ठेवून दोन्ही पायांवर उभं राहायचं, खुर्चीत बसून नाही, आणि पेन्सिल अगदी उभी धरून आखायची. आई, तू आखू नकोस, तू त्यांना हसवशील आणि ते हलतील. सोनूला सांग. डावा-उजवा लिहायला विसरू नका आणि या आठवड्यातच पाठवा, कारण पावसात कामं वाढली की माझा नंबर मागे जाईल.

तुमची,
मनू