दहा हजारांवर पूर्ण कर, एकवीस हजारांवर दवाखाना बंद

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘चांगला पगार कशाला म्हणायचे’ या विषयावर आपल्या सदरात गेले काही दिवस पत्रे येत आहेत. पुण्यात लाखाच्या खाली घर चालत नाही असे कोणी लिहिले, तर कोणी बारा लाखांपर्यंतच्या आयकर सवलतीचे स्वागत केले. दोन्ही मते त्यांच्या जागी रास्त असतील. पण ही चर्चा जिथून सुरू होते, तिथपर्यंत ज्यांचा पगार पोहोचतच नाही अशा माणसांबद्दल त्यात काहीच येत नाही, म्हणून हे पत्र.

मी नाशिकला सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांची पगारपत्रके तयार करते. गेली वीसेक वर्षे हेच काम करते आहे. पन्नास हजारांचा आकडा माझ्या पत्रकात एखाद्या व्यवस्थापकापुढेच येतो. बाकीच्या ओळी बारा ते पंचवीस हजारांच्या असतात: हेल्पर, ऑपरेटर, वेल्डर, पॅकिंगवरच्या बायका, स्टोअरमधला मुलगा. त्यांच्या पगारातून काय कापले जाते आणि कोणता लाभ कधी तुटतो, हे दर महिन्याच्या सात तारखेच्या आत मलाच करावे लागते.

प्रेसवर काम करणाऱ्या एका हेल्परचा हिशेब मांडते. एकूण पगार १४,५०० रुपये, त्यात मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून १३,५००. बारा टक्क्यांनी भविष्यनिर्वाह निधीचे १,६२० गेले. कामगार विम्याचे पाऊण टक्क्याने १०९ गेले. व्यवसाय कर, ज्याला आम्ही सगळे पीटी म्हणतो, त्याचे २०० गेले. हातात राहिले १२,५७१. पीएफचे पैसे त्याचेच आहेत, विम्याच्या बदल्यात दवाखाना मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही. पीटी मात्र निव्वळ कर आहे. महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५००.

आता दुसरा पगार घ्या. एखाद्या कंपनीतल्या अभियंत्याला महिना १,०६,२५० मिळतात, म्हणजे वर्षाला पावणेतेरा लाख. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट आणि बारा लाखांपर्यंतची सूट धरली की त्याचा आयकर शून्य होतो. त्याला पीटी किती? तेवढाच, २,५००. म्हणजे साडेचौदा हजारांचा हेल्पर आणि लाखावर कमावणारा अभियंता पगारावर सरकारला वर्षाला नेमका सारखाच थेट कर देतात. अभियंत्याला सवलत मिळाली याचे मला दुःख नाही, त्याचेही घरकर्ज आहे, मुलांच्या फिया आहेत. पण ‘मध्यमवर्गाला दिलासा’ म्हणून जे जाहीर झाले त्यातले या हेल्परपर्यंत काहीच आले नाही, कारण आयकर त्याला आधीही नव्हता. त्याच्या वाट्याला जो कर आहे त्याला कोणी हातच लावला नाही.

व्यवसाय कराला महाराष्ट्रात एक इतिहास आहे आणि तो मला आदराने सांगावासा वाटतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि तिला पैसा मिळावा म्हणून १९७५ मध्ये हा कर आला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या हाताला काम मिळावे म्हणून थोडे द्यायचे, असा त्यामागचा विचार होता. त्या काळी महिन्याच्या महिन्याला नक्की पगार मिळणारा माणूस खेड्यातल्या मजुराच्या मानाने सुस्थितीत होता. आज सातपूरला दहा बाय दहाच्या खोलीत राहणारा, ठेकेदाराच्या हजेरीवर असलेला मुलगा बऱ्याचदा त्याच मजुराचा मुलगा आहे. त्याच्याकडूनही कमाल दराने कर घेणे मूळ विचाराला धरून नाही.

‘कमाल दराने’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. पुरुषांसाठी ७,५०० पर्यंत पीटी नाही, १०,००० पर्यंत १७५ आहे, आणि दहा हजारांच्या वर एक रुपया गेला की थेट सर्वोच्च टप्पा. हे टप्पे २०१४ चे आहेत. वर कितीही पगार असो, राज्यघटनेच्या कलम २७६ प्रमाणे वर्षाला २,५०० च्या वर हा कर घेता येत नाही, आणि ती मर्यादा १९८८ ची आहे. त्यामुळे साडेचौदा हजारांच्या माणसाला हा कर उत्पन्नाच्या जवळपास दीड टक्का पडतो आणि महिना दोन लाखवाल्याला एक दशांश टक्का.

२०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात महिलांसाठी ही सूट १०,००० वरून २५,००० पर्यंत नेली. फार चांगला निर्णय होता. पॅकिंगवरच्या बायकांच्या स्लिपवर पीटीच्या रकान्यात शून्य आले, तेव्हा दोघी-तिघी मुद्दाम विचारायला आल्या की चुकून राहिले का. मी सांगितले, चूक नाही, आता तुम्हाला माफ आहे. महिना दोनशे म्हणजे घरात दोनेक किलो डाळ. पण त्याच ओळीखाली त्यांच्याच बरोबरीने उभे राहून काम करणाऱ्या पुरुषाचे दोनशे मी कापते. तो घरातला एकटा कमावता असेल, तरी कापते. कर्नाटकाने त्याच वर्षी २५,००० ची सूट सगळ्यांना दिली, स्त्री-पुरुष भेद न करता. दिल्लीत आणि हरियाणात तर हा करच नाही. मग आपल्याला काय अडचण आहे?

आता विम्याकडे येते, कारण पीटीच्या दोनशे रुपयांपेक्षा हा प्रश्न मोठा आहे. कामगार राज्य विम्याची पगारमर्यादा २१,००० आहे. जानेवारी २०१७ पासून ती हललेली नाही. या विम्याची किंमत कळायला एकदा सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात सकाळच्या वेळी जाऊन पाहावे. तिथल्या गर्दीबद्दल, बाहेरून आणायला सांगितलेल्या औषधांबद्दल कामगारांच्या तक्रारी मी पुष्कळ ऐकल्या आहेत. तरीही बायको, मुले, अवलंबून असलेले आईवडील, सगळे त्यात येतात. बाह्यरुग्ण विभागातली तपासणी येते, शुगर-बीपीच्या रोजच्या गोळ्या येतात. आजारपणात कामावर जाता आले नाही तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या सत्तर टक्के पैसे मिळतात. कामावर असलेल्या बाईला बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा विम्यातून मिळते. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, ती मोठ्या शस्त्रक्रियेला आधार देते; पण महिन्याच्या गोळ्या आणि बुडालेली मजुरी त्यात नाही.

हे सगळे २१,००० ची रेषा ओलांडली की सुटते. लगेच नाही, योगदानाचा चालू सहामाही काळ संपेपर्यंत वर्गणी कापली जाते आणि पुढचे काही महिने लाभ चालू राहतो. पण नंतर कार्ड बंद. पगार कितीने वाढला याला महत्त्व नाही, पन्नास रुपयांनी वाढला तरी बंद.

सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या एका ऑपरेटरचा पगार २०,७०० होता. हुशार मुलगा, मशीन सेटिंग स्वतः करतो. मालकाने खूश होऊन ५०० वाढवले, २१,२०० झाले. त्याच्या बायकोला लाडकी बहीण योजनेचे १,५०० मिळत होते. त्या योजनेची मर्यादा कुटुंबाच्या वार्षिक अडीच लाखांची. २०,७०० ने वर्षाचे २,४८,४०० होतात आणि २१,२०० ने २,५४,४००. वाढ मिळाली वर्षाला सहा हजारांची, त्यातूनही पीएफ जाणार. जाणार काय? नियमाप्रमाणे बायकोचे वर्षाचे अठरा हजार, आणि सहा माणसांचा दवाखाना. आईला मधुमेह, वडिलांना हृदयाचे औषध. खासगी विम्यासाठी त्याने चौकशी केली, तर आईवडिलांना धरून सांगितलेला वर्षाचा हप्ता त्याच्या महिन्याच्या पगाराहून जास्त होता. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला हे खरे, पण मूळ हप्ताच ज्याला झेपत नाही त्याला त्याचा काय उपयोग?

तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “ताई, ही वाढ परत घेता येईल का? नाहीतर तेवढे ओव्हरटाइममध्ये टाका.” त्याला नियम बरोबर माहीत होता. विम्याची २१,००० ची मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत. म्हणून वाढीऐवजी ओव्हरटाइम मागणारे कामगार आमच्याकडे बरेच आहेत. मी तसे टाकत नाही, प्रत्यक्ष जादा तास भरले असतील तरच ते पत्रकात येतात. मालकालाही यात फायदा दिसतो, कारण वाढ दिली की पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी यांवर परिणाम होऊ शकतो, ओव्हरटाइमचा होत नाही. शेवटी होते असे की चांगला कारागीर वर्षानुवर्षे २०,९०० वर थांबतो आणि रोज बारा तास मशीनपाशी उभा राहतो. कौशल्य वाढले, पगार थांबला, आणि तो थांबवणारी गोष्ट म्हणजे कायद्यातला एक जुना आकडा.

असे जुने आकडे सगळीकडे आहेत. शहरात अन्नसुरक्षेचे धान्य वार्षिक ५९,००० पर्यंतच्या कुटुंबाला, म्हणजे महिना पाच हजारांच्याही आत. केशरी शिधापत्रिका एक लाखापर्यंत. त्यामुळे कागदोपत्री माझा साडेचौदा हजारांचा हेल्पर शुभ्र शिधापत्रिकेचा, सधन माणूस ठरतो. पीएफची वेतनमर्यादा १५,००० ही सप्टेंबर २०१४ ची. त्याच मर्यादेने निवृत्तिवेतन मोजायचे, म्हणून पस्तीस वर्षे वर्गणी भरलेल्यालाही साडेसात हजारांच्या आसपास पेन्शन. आणि दुसऱ्या टोकाला आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे आरक्षण वार्षिक आठ लाखांपर्यंत. साठ-पासष्ट हजार महिना मिळवणारा ‘दुर्बल’ आणि साडेचौदा हजारवाला ‘सधन’, हे एकाच राज्यात, एकाच तहसील कार्यालयात घडते.

मग चांगला पगार कोणता? वर्तमानपत्रांतल्या मतांपेक्षा सरकारने स्वतः काढलेले उत्तर मी पुढे ठेवते. सरकार, मालक आणि कामगार संघटना एकत्र बसतात त्या भारतीय श्रम परिषदेने १९५७ मध्ये कामगाराच्या कुटुंबाला लागणारे अन्न, कापड, घरभाडे, इंधन यांवरून किमान वेतन मोजायची रीत ठरवली. रेप्टाकोस ब्रेट या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी यांसाठी त्यात आणखी पंचवीस टक्के धरायला सांगितले. श्रम परिषदेच्या त्या रीतीवरूनच सातव्या वेतन आयोगाने केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन जानेवारी २०१६ पासून १८,००० केले. जुलै २०२५ चा ५८ टक्के महागाई भत्ता धरला की ते २८,४४० होते, घरभाडे वेगळे. हे ऐषारामाचे वेतन नाही. चार माणसांनी नीट जगावे म्हणून लागणारी ही किमान रक्कम आहे, आणि ती त्या कर्मचाऱ्याला मिळते हे योग्यच आहे. कारखान्यातल्या माणसाचे पोट वेगळे नसते. त्याला हे वेतन देणे मालकाला आज जमणार नाही, हे मी लहान उद्योजकांबरोबर काम करत असल्याने जाणते. पण निदान या रकमेच्या निम्म्यावर जगणाऱ्याला करात आणि लाभात सधन समजू नये.

महागाई भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. राज्याच्या किमान वेतनातला विशेष भत्ताही दर सहा महिन्यांनी बदलतो; त्याचा नवा तक्ता आला की मी सगळी पत्रके बदलते. म्हणजे महागाई किती वाढली ते मोजायची व्यवस्था सरकारकडे तयार आहे. मग त्याच निर्देशांकाला विम्याची मर्यादा, पीएफची मर्यादा, पीटीचे टप्पे, शिधापत्रिकेची उत्पन्नमर्यादा का जोडत नाहीत? भत्ता वाढतो म्हणून पगार हळूहळू वर सरकतो आणि मर्यादा जागच्या जागी राहतात, म्हणून दरवर्षी काही कामगार खऱ्या अर्थाने काहीच न मिळवता रेषेपलीकडे जातात.

केंद्राच्या हातातले वेळ घेईल, तरी दोन गोष्टी आमच्या खासदारांनी मांडाव्यात. विम्याची मर्यादा वाढेल तेव्हा वाढेल, पण जो आधीपासून विम्यात आहे त्याला मर्यादा ओलांडल्यावरही वर्गणी भरून आत राहू द्यावे. मालकाचा सव्वातीन टक्के वाटा भरायलाही माझे काही उद्योजक तयार आहेत, कारण चांगला ऑपरेटर टिकतो. आणि कलम २७६ ची २,५०० ची मर्यादा वाढवावी, म्हणजे महिना लाखाच्या वर कमावणाऱ्याकडून राज्याला थोडा अधिक व्यवसाय कर घेता येईल.

राज्याच्या हातातले काम मात्र येत्या अर्थसंकल्पातच होऊ शकते. महिलांना दिलेली २५,००० ची सूट पुरुषांनाही द्यावी. यासाठी नवी समिती नको, नवी योजना नको, अर्ज नकोत, रांगा नकोत. कराच्या अनुसूचीत एक आकडा बदलायचा आहे. अर्थमंत्र्यांनी मार्चमध्ये तो बदलला, तर एप्रिलच्या पत्रकात मी तो रकाना त्याच दिवशी शून्य करीन.

आपली,
एक पगारपत्रक लेखनिक
सातपूर, नाशिक