ठसा शेवटी पाहा, धातू आधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत जुन्या अमेरिकन प्यूटरवर, म्हणजे कथलाच्या मिश्रधातूच्या भांड्यांवर, आलेला लेख वाचला. मराठीत या विषयावर कोणीतरी लिहिले याचा आनंद आहे. मात्र गरुडाचा ठसा (कारागिराने उमटवलेली खूण) दिसला की वस्तू अस्सल अमेरिकन समजावी आणि काळवंडलेली वस्तू तारेच्या घासणीने चकचकीत करावी, हे त्यातले दोन सल्ले घातक आहेत. पहिल्याने पैसे जातात. दुसऱ्याने वस्तूच जाते, आणि ती परत मिळत नाही.

प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील, त्यात थोडे तांबे, अँटिमनी किंवा बिस्मथ आणि कमी-अधिक शिसे. अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत कथलाची खाण नव्हती. ते इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून यायचे. ब्रिटनने कच्च्या कथलावर कर बसवला आणि तयार भांडी मात्र मोकळी सोडली. त्यामुळे बोस्टन, न्यूयॉर्क किंवा फिलाडेल्फियाच्या ओताऱ्याला नवे कथील परवडत नसे. तो गिऱ्हाइकाची मोडकी ताटे वजनावर परत घेई, वितळवी आणि त्यातूनच नवी ओती. अठराव्या शतकातल्या अमेरिकन वस्तू आज इतक्या कमी का आणि एकाच कारागिराच्या दोन ताटांत शिशाचे प्रमाण वेगळे का, या दोन्हींचे उत्तर इथे आहे. वसाहतीतल्या घरांत वापरले गेलेले बरेचसे प्यूटर तर थेट इंग्लंडचेच होते. म्हणजे अमेरिकेत सापडलेली जुनी वस्तू अमेरिकेत घडलेली असेलच असे नाही.

आता ठशाबद्दल. गरुड आला तो स्वातंत्र्यानंतर, साधारण १७९० च्या सुमारास. त्याआधीचे अमेरिकन कारागीर इंग्रजी वळणाचेच ठसे मारत, त्यात सिंह किंवा गुलाब आणि मुकुट असे. काहींनी तर आपल्या मालावर चक्क ‘लंडन’ असा शिक्का उमटवला, कारण गिऱ्हाइकाला लंडनचा माल हवा असे. पेन्सिल्वेनियातल्या ताटांवर दोन पक्षी आणि ‘लव्ह’ ही अक्षरे असलेला प्रसिद्ध ठसा आढळतो, त्याच्या जोडीलाही ‘लंडन’ दिसते. उलट, गरुडाला भाव येतो म्हणून बिनठशाच्या जुन्या ताटांवर नंतर गरुड मारल्याचे प्रकार भरपूर आहेत. ताट खरोखर जुने असते, ठसा तेवढा नवा. काठावर कोरलेली तीन अक्षरे हीही अशीच फसवी जागा. वर एक आणि खाली दोन अशी अक्षरे असतील तर ती बहुधा मालक जोडप्याची असतात: वर आडनावाचे अक्षर, खाली नवऱ्याच्या आणि बायकोच्या नावाचे. त्यांवरून कारागीर शोधत बसू नये.

ठसा खरा की मागाहून मारलेला, हे दहापट भिंगाखाली तिरप्या उजेडात बरेचसे कळते. ताटाच्या पाठीवर वापराचे बारीक ओरखडे असतात. ते ओरखडे ठशाच्या अक्षरांवरून सरळ पलीकडे गेले असतील तर ठसा त्यांच्या आधीचा. ठशापाशी येऊन ओरखडे चिरडल्यासारखे तुटत असतील तर ठसा नंतरचा. भोवतीची पाठ गुळगुळीत झिजलेली आणि पक्ष्याची पिसे मात्र कोरी करकरीत, हेही संशयास्पदच. अस्सल ताटावरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेत ठसा मारलेला नसतो, धातूबरोबर ओतला गेलेला असतो; त्याच्या कडा गोलसर आणि बुजलेल्या दिसतात, खाचेत टाचणीच्या टोकाएवढी भोके असतात. शिवाय धातू गार होताना आकसतो, म्हणून अशी नक्कल मूळ ताटापेक्षा किंचित लहान भरते.

या मोजमापाचा उपयोग लोक फार कमी करतात, ही आमची खंत आहे. कांस्याचे साचे महाग होते. एका कारखान्यात मोजकेच असत आणि ते वारशाने पुढे जात. कनेटिकटमधले डॅनफोर्थ आणि त्यांच्या लेकीकडचे बोर्डमन हे घराणे याचे उत्तम उदाहरण. तेव्हा प्रत्येक ताटाचा व्यास दोन दिशांनी, काठाची रुंदी, खोली आणि वजन लिहून ठेवावे. वेगवेगळ्या ठशांच्या दोन ताटांची मापे आणि काठाखालची रेघ तंतोतंत जुळली तर साचा एकच असण्याची शक्यता तपासता येते. ठसा अर्धा पुसलेला असेल तेव्हा हाच मार्ग उरतो. ठशाचे छायाचित्र काढताना शेजारी मोजपट्टी ठेवावी. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने घेतलेली घासछापही कामाची असते.

ताटे ओतल्यावर लेथवर तासत, म्हणून पाठीवर वर्तुळाकार रेघा राहतात. काही कारागीर बूड आणि काठ यांमधला वळणाचा भाग हातोडीने ठोकून घट्ट करत. त्या ठोक्यांच्या ओळी बोटाला लागतात. हँडलचा पेला किंवा टँकार्ड (झाकणाचा मोठा पेला) हातात आला तर आत पाहा. हँडल थेट अंगावर ओतायचे असे तेव्हा आतून वाळू भरलेली कापडी पिशवी दाबून धरत. भिंत क्षणभर मऊ होई आणि कापडाची वीण तिथे उमटे. हँडलच्या बरोबर मागे, आतल्या बाजूला, उभ्याआडव्या धाग्यांची ती बोटभर जाळी दिसली तर हँडल मूळचे आहे असे मानायला चांगला आधार मिळतो. अर्थात इंग्रज कारागीरही असेच करत, म्हणून एवढ्यावरून देश ठरत नाही. याउलट भिंत सगळीकडे सारखी पातळ, कुठेही सांधा नाही आणि बुडाशी नमुन्याचा क्रमांक, असे असेल तर ती बहुधा ब्रिटानिया धातूची वस्तू असते. तो शिशाऐवजी अँटिमनी घातलेला धातू. त्याचे पत्रे लाटून लेथवर आकार देत. मॅसॅच्युसेट्समधल्या टॉंटन येथे १८२४ मध्ये सुरू झालेला बॅबिट अँड क्रॉसमन हा कारखाना त्याच काळातला. ब्रिटानिया कमअस्सल नव्हे, पण ती अठराव्या शतकाची म्हणून विकत घेऊ नये.

वजनदार म्हणजे शिसे जास्त, असे लेखात म्हटले आहे. नुसत्या वजनाने काही कळत नाही. घनता काढावी लागते. ताट आधी हवेत तोला, मग नायलॉनच्या दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तोला. हवेतले वजन भागिले दोन वजनांतला फरक, ही घनता. शुद्ध कथील ७.३ च्या आसपास, शिसे ११.३. दहा टक्के शिसे असेल तर उत्तर साधारण ७.५६ येते, वीस टक्क्यांना ७.८५. चारशे ग्रॅमचे ताट आणि एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा असेल तर चूक एवढी मोठी होते की दहा टक्के आणि पंधरा टक्के वेगळे काढता येत नाहीत, म्हणून ०.१ ग्रॅमचा काटा हवा. ताटाला चिकटलेले हवेचे बुडबुडे ब्रशने काढून टाका. पोकळ हँडलच्या वस्तूंवर हा प्रयोग करू नका: आतली हवा उत्तर बिघडवते आणि छिद्रातून शिरलेले पाणी आत साचून राहते. संग्रहालयांत एक्स-रे फ्लुओरेसन्सने, म्हणजे क्ष-किरण पाडून त्यातली मूलद्रव्ये ओळखून, धातू तपासतात. ती पद्धत वस्तूला धक्का लावत नाही, पण फक्त पृष्ठभाग वाचते. डाखाच्या (सांधा जोडणाऱ्या झाळणाच्या) जागी घेतलेले माप शिसे फुगवून दाखवते, म्हणून अनेक ठिकाणी माप घ्यावे लागते.

आणि आता ती घासणी. प्यूटर मऊ आहे. तारेने तासल्या जातात त्या लेथच्या रेघा, हातोडीचे ठोके आणि ठसा. म्हणजे वर ज्या ज्या खुणा सांगितल्या त्या सगळ्या. पृष्ठभागावरचे कठीण करडे कवच हे मुख्यतः कथलाचे ऑक्साइड. पूर्वी काही संग्राहक ते काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा कॉस्टिक सोड्याचे गरम पाणी वापरत. आम्लातले क्लोराइड खड्ड्यांत राहून गंज पुन्हा सुरू करते. कॉस्टिक सोडा कवच सोडवतो, पण खालचे खड्डे उघडे पाडतो, आणि डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते. हे काम धातू-संवर्धकाचे. घरी कोमट पाणी, सौम्य साबणाचा थेंब, मऊ सुती कापड आणि लगेच कोरडे पुसणे, एवढेच करावे. पांढरट-करडे फोड दिसले की लोक ‘कथलाचा रोग’ म्हणून घाबरतात. थंडीने कथलाची भुकटी होण्याचा प्रकार जवळजवळ शुद्ध कथलात, १३ अंश सेल्सिअसखाली दीर्घकाळ राहिल्यावर घडतो, आणि थोडेसे शिसे, अँटिमनी किंवा बिस्मथही तो रोखते. ताटावरचे फोड बहुतेक वेळा ओल आणि क्षार यांचा गंज असतात. तेव्हा जागा कोरडी ठेवा. ओकच्या लाकडाच्या बंद कपाटात ठेवू नका, त्यातून निघणारी आम्लाची वाफ शिशाला खाते. ताटे एकावर एक रचाल तर मध्ये आम्लविरहित कागद घाला. जुनी किटली शेगडीजवळही नेऊ नये: कथील-शिशाचा डाख १८३ अंशांपासूनच वितळू लागतो. आणि प्यूटरमध्ये शिसे असू शकते, म्हणून या भांड्यांतून खाऊ-पिऊ नये, आंबट तर मुळीच नाही.

सुरुवात करणाऱ्याने विकत घेण्याआधी हातात किंवा निदान डोळ्यांखाली भरपूर अस्सल वस्तू घालाव्यात. डेलावेअरमधले विंटरथर, येलचे कलादालन आणि व्हर्जिनियातले कलोनियल विल्यम्सबर्ग यांचे संग्रह त्यासाठी उत्तम. १७८८ साली न्यूयॉर्कच्या मिरवणुकीत प्यूटर कारागिरांनी मिरवलेला रेशमी ध्वज त्याच शहरातल्या ऐतिहासिक सोसायटीत आहे. त्यावर कारखान्यात काम करणारे कारागीर रंगवलेले आहेत. लेथ कसा चालवत, हे शंभर वर्णनांपेक्षा तिथे नीट दिसते.

पुढच्या अंकात निदान तारेच्या घासणीबद्दलची दुरुस्ती ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपले,
जुन्या प्यूटरचे काही अभ्यासक